नववी बाटली

या, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. देवाला साक्षी ठेवून सांगतो, यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

रात्रीची नाही बरं का. भर दुपारची आहे. उन्हाळ्यातला मंगळवार, बाराचा सुमार. आणि जागा... शहराच्या पाणी तपासणीचं ऑफिस.

माझी आत्या तिथे नमुने गोळा करायची. रोज आठ नळ, आठ बाटल्या. नळाचं तोंड ज्योतीने शेकायचं, दोन मिनिटं पाणी सोडायचं, मग निर्जंतुक बाटली भरायची. तोंडावर कागदाची टोपी दोऱ्याने बांधायची, चिठ्ठी लावायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. पेटीला आठच खण. वर कुलूप, किल्ली आत्याच्या गळ्यात. एकोणीस वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या मंगळवारी शिवणवाली आली. तिसऱ्यांदा.

टेकडीवरच्या शेवटच्या गल्लीत राहायची, लोकांचे कपडे शिवायची. हातात बरणी, बरणीत पिवळट पाणी.

"नाकाला लावून तर बघा!"

"घरून आणलेलं पाणी चालत नाही," साहेब खुर्चीतूनच म्हणाले. "आमच्या माणसाने, आमच्या बाटलीत भरायला हवं."

"मग पाठवा की तुमचा माणूस! की त्यालाही बरणीत घालून आणू?"

सगळे हसले. ती नाही हसली.

"माझी लेक चार दिवस उलट्या करतेय हो."

आत्या पुढे झाली. "ताई, उद्या मी स्वतः येते," ती म्हणाली. "शब्द देते."

दुसऱ्या दिवशी ती निघालीही. सात बाटल्या भरून झाल्या. टेकडीच्या पायथ्याशी पोचली तोवर गुडघा टम्म सुजला होता. वर एकशे दहा पायऱ्या. डोक्यावर ऊन. आणि पायथ्यालाच एक नळ, चांगला खळखळ वाहणारा.

लाइन तर एकच आहे, असं तिने मनाला समजावलं.

आठवी बाटली तिथेच भरली. चिठ्ठीवर लिहिलं... शेवटची गल्ली, शिवणवालीचं घर.

अहवाल आला. पिण्यास योग्य.

कागदच आला म्हटल्यावर गल्लीने पाणी उकळणं सोडलं. लेक कशीबशी वाचली. अकराव्या दिवशी शिवणवाली गेली.

बातमी कळली तेव्हा आत्या नुकतीच फेरीवरून परतली होती. तिने तशीच पेटी उघडली.

"ताई, आज नऊ कशा?" प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याने विचारलं.

आठ खणांत आठ. आणि नववी... त्यांच्यावर आडवी निजलेली.

बर्फातून काढलेली, तरी हाताला कोमट.

चिठ्ठीवर शिवणवालीचं घर. अक्षर आत्याचं.

कागदाची टोपी मात्र बांधलेली नव्हती... शिवलेली होती. बारीक, एकसारखी, मशीनची टीप. गाठ कुठेच नाही.

"तपास रे ती," आत्या म्हणाली.

"नोंदवहीत आठच आहेत ताई. हिला नंबर कुठला देऊ?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही.

आत्या साहेबांकडे धावली. "साहेब, गल्लीत अजून सहा जण आजारी आहेत. फेरनमुना घेऊ या."

"अहवाल योग्य आहे ना बाई? मग फेरनमुना तीन महिन्यांनी."

"माणसं मरतायत हो!"

"माणसांचं आरोग्यवाले बघतील. आपलं खातं पाण्याचं."

आरोग्यवाल्यांकडे गेली. ते म्हणाले, पाणी तर योग्य आहे, बाहेरचं काहीबाही खाल्लं असेल. पाइपवाल्यांकडे गेली. ते म्हणाले, वाईट अहवालाशिवाय कुदळ मारता येत नाही. पायाचे तुकडे पडले चकरा मारून. तेवढ्यात गल्लीतले एक म्हातारबाबा गेले.

पाचव्या दिवशी ती फेरीला गेलीच नाही. पेटी रिकामी, कुलूपबंद, टेबलावर. आत्या समोर बसलेली. ऑफिसात चिटपाखरू नाही. पंखाही बंद.

आणि पेटीतून आवाज आला...

टिंग.

काचेवर नख वाजवावं तसा.

आत्याने कुलूप काढलं. आठही खण रिकामे. आणि मधोमध उभी... एक बाटली. काठोकाठ भरलेली.

तिने तिथेच कागद ओढला आणि लिहून साहेब परतताच त्यांच्या हातात ठेवलं. त्या दिवशीचा नमुना खोटा. मी वर चढलेच नाही.

"वेड लागलंय का?" साहेब ओरडले. "नोकरी जाईल! माझ्याही गळ्याशी येईल!"

"येऊ द्या."

आता फेरनमुना घेणं भाग पडलं. भर दुपारी साहेब, चष्मेवाला आणि आत्या टेकडी चढले. शिवणवालीच्या दाराला कुलूप होतं. नळ बाहेर, भिंतीला.

आणि बंद घरातून आवाज येत होता. खडखड... खडखड... खडखड...

शिवणयंत्राचा.

"आत कोण आहे?" साहेबांनी शेजारणीला विचारलं.

"कोण असणार? लेक मामाकडे गेली. मशीनसुद्धा घेऊन गेली."

आत्याने ज्योत पेटवली. नळाचं तोंड शेकलं. दोन मिनिटं पाणी सोडलं. आतली खडखड चालूच. बाटली गळ्यापर्यंत भरली... आणि आवाज थांबला.

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

पाणी घाण निघालं. खोदलं तर पायऱ्यांच्या निम्म्यावर पाइप फुटून गटारात बुडालेला. दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. अर्धा दिवस! एवढ्यासाठी दोन जीव गेले.

त्या पाच बाटल्या चष्मेवाल्याने कपाटात ठेवल्या होत्या. काढून पाहिल्या तर पाचही कोरड्या ठणठणीत. टोप्यांची टीप जशीच्या तशी. एक टाका उसवलेला नाही.

आत्याची नोकरी गेली. तो पहिला अहवाल मात्र अजून फाइलीत आहे. पिण्यास योग्य. बंद झालेली फाइल उघडता येत नाही म्हणे.

भर दुपारी आत्या आजही दचकून उठते. "ती माझ्यावर चिडून यायची, की गल्लीसाठी?" मला विचारते.

तुमच्याकडे एकच मागणं. नावानिशी तिची नोंद कुठेच नाही. तेव्हा नळाखाली पेला धराल, तेव्हा घोट घेण्याआधी त्या शिवणवालीला एकदा मनात आणा. देव तिला शांती देवो.