टेकडीवरच्या केशरी फिती

“एकसुद्धा नाही! सुरुची, बघ ना, एकसुद्धा फीत राहिलेली नाही!”

टेकडीच्या फाटकातून आत शिरल्या शिरल्या मृणाल ओरडली. काल संध्याकाळी समोरच्या सागाला तिने स्वतःच्या हाताने केशरी फीत बांधली होती. त्यापुढच्या बाभळीला बांधताना बोटात काटा घुसला होता आणि ते बोट अजून ठणकत होतं. फीत मात्र गायब!

“काल हेच, आज हेच,” आशयने पाठीवरची सॅक धपकन खाली टाकली. “यार, आपण फिती बांधतोय की कुणाला वाटतोय?”

“मला तर आता टेकडीच नको वाटतेय,” सुरुची म्हणाली आणि तिथेच दगडावर बसली. आशयचा धाकटा भाऊ गौरांग तेवढ्यात चार झाडांमागे डोकावून आला आणि त्याने दोन्ही हात हलवून ‘काही नाही’ असं सांगितलं.

चौघांचा वैताग उगाच नव्हता. भोपाळच्या त्यांच्या मराठी मंडळाने यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी ‘टेकडी दौड’ ठरवली होती. पळा नाहीतर चाला, आजी-आजोबांपासून बाळगोपाळांपर्यंत सगळ्यांसाठी तीन किलोमीटर. मंडळाच्या कार्यक्रमांत मुलांच्या वाट्याला एरवी काय यायचं? स्वागतगीत आणि खुर्च्या उचलणं! पण या वेळी मृणालने कोलार रोडपलीकडच्या या टेकडीवर चार रविवार पायपीट करून एक वाट शोधली होती. सागाच्या झाडीतून, ओढ्याच्या काठाने, खडकांचा चढ चढून वर माथ्यावर जाणारी. तिथून अख्खा तलाव दिसायचा. मंडळाचे अध्यक्ष अच्युतकाका बराच वेळ ‘हं, हं’ करून शेवटी म्हणाले होते, “ठीक आहे. वनखात्याची परवानगी मी आणतो. पण शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी मार्ग तपासणार. खुणा नीट दिसल्या तर टेकडी. नाही दिसल्या तर सरळ कॉलनीच्या पार्कात पाच चकरा. लोकं जंगलात हरवली तर मला फोन येतील, तुला नाही!”

पार्कात पाच चकरा! त्या कल्पनेनेच मृणालच्या अंगावर काटा यायचा. त्यात बाबांच्या बदलीची ऑर्डर आली होती. वार्षिक परीक्षा संपली की नागपूर. म्हणजे भोपाळमधली ही तिची शेवटची दिवाळी, आणि काही करून दाखवायची शेवटची संधी.

“वानरं असतील,” गौरांग म्हणाला.

“वानराला सुरगाठ सोडता येते?”

“मग बकऱ्या! कापड खातात त्या.”

“बकरीने खाल्लं असतं तर चिंध्या लोंबत राहिल्या असत्या,” मृणाल म्हणाली. “चला, पुढे बघू.”

काल फिती बांधता बांधता अंधार पडल्याने चौघं चढाआधीच परतली होती. आज ओढ्यापर्यंत एकही फीत नव्हती. ओढ्यापलीकडेही नव्हती. पण खडकांचा चढ सुरू झाला आणि पहिल्याच झाडाला केशरी फीत दिमाखात फडफडत होती! तिथून माथ्यापर्यंत सगळ्या फिती जागच्या जागी होत्या.

“कमाल है!” आशय म्हणाला. “चोर चढाच्या आधीच दमला?”

मृणालचे डोळे बारीक झाले. “वानराला चढाचं काय? हा माणूस आहे. आणि त्याचे गुडघे दुखतात.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मंडळात सगळ्यांत जास्त कुणाचे गुडघे दुखायचे आणि ते दुखणं सगळ्यांत जास्त वेळा कोण सांगायचं, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. शिवाय टेकडीपेक्षा पार्क कुणाला जास्त आवडत होता?

“अच्युतकाका!” सुरुची कुजबुजली. “पण ते असं करतील?”

“पुराव्याशिवाय बोलायचं नाही,” मृणाल म्हणाली खरी, पण मनात तिने काकांना केव्हाच शिक्षा ठोठावली होती.

त्यांनी सव्वीस फिती पुन्हा बांधल्या. या फिती म्हणजे मंडळाच्या लेझीम पथकाचे जुने, विरलेले फेटे. सुरुचीच्या आईने कपाटातून काढून दिले होते आणि मुलांनी तिच्याच घरी बसून त्यांच्या पट्ट्या कापल्या होत्या. प्लास्टिक नको, ही वनखात्याची अट होती. शेवटी मृणालने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘या फिती काढू नयेत. मार्गाच्या खुणा आहेत.’ आणि तो पुठ्ठा सागाच्या बुंध्याला टेकवून ठेवला.

बाबा हल्ली ती उठायच्या आत फिरायला जायचे आणि तिथूनच ऑफिसला, त्यामुळे रात्रीच भेटायचे. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, आमच्या फिती रोज कुणीतरी काढून नेतंय.”

“अरे वा, छान,” बाबा मोबाईलवरून बोट फिरवत म्हणाले.

“बाबा! चोरीला जातायत!”

“हं? होईल गं सगळं व्यवस्थित. तुम्ही हुशार मुलं आहात.”

मृणालने पोळीचा तुकडा असा काही मोडला की आईने वर पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी फिती तर नव्हत्याच, पुठ्ठाही नव्हता!

आता मात्र मृणालची तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने एक दगड उचलून ओढ्यात भिरकावला. मग दुसरा. मग तिसरा.

“झालं का?” सुरुचीने विचारलं.

“नाही!” मृणालने चौथा भिरकावला. “अच्युतकाका मघाशी फोनवर मला काय म्हणाले माहितीये? ‘मृणाल, कुणीतरी सांगितलं की मार्गावर खुणा दिसत नाहीत. जमत नसेल तर तसं सांगा, लाजायचं काय त्यात!’ लाजायचं काय म्हणे! स्वतःच काढायच्या आणि वर आम्हाला विचारायचं!”

“पहाटे येऊन लपून बसू या का?” आशय म्हणाला.

“आपल्याला कुणी पहाटे टेकडीवर सोडणार आहे? संध्याकाळी चार ते सहाच परवानगी आहे.”

म्हणजे चोर सकाळी यायचा आणि मुलं संध्याकाळी. चोराला बघायचं कसं? मग गौरांगच म्हणाला, “आपल्या घरी रंगपंचमीचा पक्का गुलाबी रंग उरलाय. दुकानदार बोलला होता, ‘तीन दिन नहीं छूटेगा, बेटा.’ दादाचे कान शाळेत चार दिवस गुलाबी होते.”

“कानांचं मध्ये काय काढतोस?” आशय ओरडला. पण मृणाल उठून उभी राहिली होती.

“गौरांग, तू ग्रेट आहेस! कोरडा रंग गाठीच्या घडीत भरायचा. वरून काही दिसणार नाही. पहाटे दंव पडतं. ओली गाठ सोडायला गेला की चोराचे हात गुलाबी!”

“आणि उद्या मंडळाचा फराळ आहे,” सुरुचीने टाळी दिली. “सगळे येणार. सगळे हातानेच खाणार!”

दोघं भाऊ सायकलवरून जाऊन रंग घेऊन आले. हातांना पिशव्या बांधून अंधार पडायच्या आत चौघांनी उरलेल्या शेवटच्या सव्वीस फिती बांधल्या. आता पिशवीत एकही पट्टी शिल्लक नव्हती. हा डाव फसला असता, तर शनिवारी दाखवायला काहीच उरलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी बिट्टन मार्केटजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये ही गर्दी! अनारसे, शंकरपाळी, चिवडा, चकल्यांचे ढीग. चौघं फराळाच्या टेबलाजवळ अशी उभी राहिली की कुणाचाही हात नजरेतून सुटू नये.

“आले!” आशय पुटपुटला.

अच्युतकाका गुडघा चोळत आले. त्यांनी ताटली घेतली, चकली घेतली, दुसरी चकली घेतली. हात स्वच्छ! नखंसुद्धा पांढरीशुभ्र!

दोन दिवस ती ज्या माणसावर धुमसत होती, त्याने काहीच केलं नव्हतं.

“मग कोण?” सुरुची रडवेली झाली.

तेवढ्यात चिवड्याच्या पातेल्यात एक हात शिरला. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत गुलाबी! तो हात होता वसंतकाकांचा, लेझीम पथकाच्या प्रमुखांचा. पाठोपाठ आणखी एक गुलाबी हात शंकरपाळ्यांकडे वळला. तो निर्मलामावशींचा. अनारशावर तिसरा. आणि चकलीवर चौथा.

चौथ्या हातातलं घड्याळ मृणालच्या ओळखीचं होतं. गेल्या वाढदिवसाला ते तिने आणि आईने मिळून घेतलं होतं.

“बाबा?”

“अगं, घे ना चकली. खुसखुशीत झालीये.”

“बाबा, तुमचे हात गुलाबी कशाने झाले?”

“ते होय!” वसंतकाकाच हसत पुढे आले. “आमची स्वच्छता समिती! सोमवारपासून रोज सकाळी सहा वाजता टेकडीवर. तुमच्या दौडीसाठी रस्ता चकाचक करतोय. कुणी सर्व्हेवाल्यांनी की काय झाडांना चिंध्या बांधून ठेवल्यात. काढल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! आज तर त्यांचा रंगही लागला हाताला.”

कुणाच्या तरी दाताखाली मोडलेली चकली सगळ्यांनी ऐकली.

“त्या चिंध्या नव्हत्या, काका,” मृणाल म्हणाली. “मार्गाच्या खुणा होत्या. आणि तुमच्याच पथकाचे फेटे होते ते. दहा वर्षं तुम्ही डोक्याला बांधलेत! आम्ही पुठ्ठ्यावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं!”

“पुठ्ठा होता खरा,” वसंतकाका चाचरले. “पण सकाळी चष्मा नसतो गं माझ्याकडे. आणि गुडघ्यांमुळे आम्ही चढापासूनच मागे फिरायचो.”

“पण स्वच्छता समिती रोज काय करते, हे मार्ग समितीला, म्हणजे या मुलांना, कुणी सांगायचं होतं?” अच्युतकाका गरजले. “मला तरी कुणी कळवलं का?”

निर्मलामावशींनी आपला मोबाईल उघडून त्यांच्यासमोर धरला. मोठ्यांच्या ग्रुपवर, जिथे मुलांना प्रवेश नव्हता, तिथे रोज सकाळी आठ वाजता गोणीचा फोटो टाकलेला होता. मृणालने तो दोन बोटांनी मोठा केला. गोणीच्या तोंडातून केशरी पट्ट्या डोकावत होत्या. खाली त्रेचाळीस जणांच्या टाळ्या होत्या, आणि सर्वांत वर अच्युतकाकांचा संदेश होता, ‘वा! स्तुत्य उपक्रम!’

“तुम्ही फोटो उघडलाच नाहीत,” मृणाल म्हणाली.

अच्युतकाकांनी चकली ताटलीत परत ठेवली. कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणी, आणि बघता बघता सगळा हॉल हसू लागला. मृणाल मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मला सांगितलं नाहीस ते,” बाबा हळूच म्हणाले.

“सांगितलं, बाबा. दोनदा सांगितलं. जेवताना.”

बाबा खरोखर ओशाळले.

“हसताय काय सगळे?” सुरुची पुढे झाली. “उद्या पाच वाजता तपासणी आहे. फिती कुठायत त्या?”

“कचरागाडीत गेल्या,” वसंतकाका खाली मान घालून म्हणाले.

“आणि जुने फेटे संपले! एकही उरला नाही!”

वसंतकाका हॉलच्या मागच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात घडी न मोडलेले तीन कोरे फेटे होते. पुढच्या गणपतीत पथकाने बांधायचे म्हणून त्यांनी स्वतः पुण्याहून निवडून आणलेले. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि मृणालकडे पाहिलं. “कात्री आण, पोरी. पट्टी किती रुंद हवी ते तू सांग.”

पहिली पट्टी फाडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण त्यांनी तिन्ही फेटे फाडले.

शनिवारी सकाळी सहा वाजता स्वच्छता समिती पुन्हा टेकडीवर हजर झाली, फक्त या वेळी मृणालच्या हुकमाखाली!

“निर्मलामावशी, डाव्या बाजूला नाही, वळणावर उजव्या बाजूलाच! बाबा, खांद्याच्या उंचीवर! लहान मुलांना दिसायला हवी!”

“हो, मॅडम,” बाबा म्हणाले आणि त्यांनी निमूटपणे गाठ सोडून पुन्हा बांधली.

संध्याकाळी पाच वाजता अच्युतकाका आले. फाटकापासून माथ्यापर्यंत ते एकाही माणसाला न विचारता, नुसत्या फिती बघत चालले. खडकांच्या चढावर दोनदा बसले, पण पार्काचं नाव त्यांनी काढलं नाही. वर पोहोचल्यावर बराच वेळ तलावाकडे बघत राहिले.

“बावीस वर्षं भोपाळमध्ये आहे,” ते म्हणाले. “हे मी पाहिलंच नव्हतं. पोरांनो, टेकडी मंजूर!”

“आणि आम्ही तुमच्यावर संशय घेतला होता,” मृणालने कबूल करून टाकलं. “सॉरी, काका.”

“माझ्यावर? का?”

“गुडघे!” गौरांग म्हणाला. आशयने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. अच्युतकाका खो खो हसले.

रविवारी एकशे चाळीस माणसं टेकडीवर आली आणि कुणीही हरवलं नाही. शेवटी माथ्यावर अच्युतकाकांनी चौघांना पुढे बोलावलं. “आम्ही मोठ्यांनी चार समित्या केल्या आणि एकमेकांशी बोलायचं विसरलो,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “या मुलांनी चोर पकडला, आणि चोर आम्हीच निघालो! आता पुढच्या वर्षीपासून मार्ग समिती कायमची यांच्याकडे. प्रमुख मृणाल!”

टाळ्या कडाडल्या. आशयने शिट्टी मारली. मृणालही हसली, पण लगेच तिला नागपूर आठवलं. पुढच्या वर्षी ती इथे असणार कुठे? ती गर्दीतून बाजूला झाली आणि कड्याजवळच्या खडकावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने बाबा शेजारी येऊन बसले. त्यांचे हात अजूनही फिकट गुलाबी होते.

“पुढच्या वर्षी,” ते म्हणाले, “दिवाळीच्या आठवडाभर आधी आपण भोपाळला यायचं. तिकिटं मी काढणार. खुणा बांधायला वेळ लागतो ना?”

मृणालने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. असं बरंच काही बाबा म्हणायचे आणि मग विसरायचे.

“नक्की?”

“नक्की.”

तिने खिशातून मार्गाचा नकाशा काढला, उलटा केला आणि पेनसकट त्यांच्यापुढे धरला.

“लिहून द्या.”

आणि बाबांनी खाली तारीख घालून, सही करून लिहून दिलं.