पाठमोरा माणूस

आकलनरोपण प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसल्यावरही शरयू सबनीसनं शेवटचं विचारून घेतलं, की हे नाही केलं तर चालणार नाही का. प्रश्न मेंदूतज्ज्ञ डॉ. फिरदौस मणेर यांना होता, पण उत्तराची घाई झाली ती तिच्या नवऱ्याला, प्राध्यापक जयवंत सबनीसांना. यंत्र त्यांचं होतं आणि हौसही त्यांचीच.

कृष्णाकाठच्या त्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच तीन पायाभूत विषय असत: समाजशास्त्र, धर्म आणि निसर्गविज्ञान. मुलं घोकंपट्टी करून पास होत आणि सुट्टी संपेपर्यंत पुन्हा कोरी पाटी होत. जयवंतांनी त्यावर तोड काढली होती. जाणत्या शिक्षकाला झालेलं आकलन उचलायचं आणि थेट मुलांच्या मेंदूत रोपायचं.

“माहिती कुठूनही मिळते, मॅडम,” फिरदौस म्हणाल्या, “पण समजणं असं अधांतरी नसतं. ते कुठल्यातरी एका प्रसंगाला धरून रुजतं. त्याला आम्ही मूळस्मृती म्हणतो. रोप उचललं की मूळ बरोबर येणारच. त्यातली नावं आणि चेहरे आमची चाळणी काढून टाकते.”

“आणि माझ्याकडे काय उरतं?”

“आठवण जागी केली की ती मऊ पडते. आम्ही ती इतक्यांदा जागी करतो, की झिजून जाते. विषय तुम्हाला येत राहील. प्रसंग जाईल.”

कुणाची मूळस्मृती कोणती हे विचारायचं नाही, असा प्रयोगशाळेचा दंडक होता. निसर्गविज्ञानासाठी जयवंतांनी स्वतःची दिली होती. ती कसली होती हे आता त्यांना आठवत नव्हतं, आणि जे आठवतच नाही त्याची हळहळ कसली, असं ते ऐटीत सांगत. धर्म शिकवणाऱ्या शरयूची म्हणजे तिच्या आजोबांचं कीर्तन असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कितीतरी दिवस त्यांनी तिच्यामागे भुणभुण लावली होती. शेवटी तिनं खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटले.

पाठ उत्तम रुजला. देव आहे की नाही यावर तावातावानं भांडणारी मुलं आता विचारू लागली, की माणसाला विधी लागतो कशाला. जयवंतांचा आनंद गगनात मावेना.

शरयू मात्र घरात पाहुणीसारखी वावरू लागली. एका रविवारी त्यांच्यापुढे चहा ठेवून ती म्हणाली, “अबोली गेली तेव्हाच मी तुला सोडून जाणार होते. बॅगसुद्धा भरली होती, तेवढं आठवतं. मग राहिले का, ते काही केल्या आठवत नाही.”

अबोली त्यांची एकुलती एक मुलगी. सोळाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली. तेव्हा जयवंतांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि लगोलग ते प्रयोगशाळेत जाऊन बसले होते. शरयूच्या आवाजात आता राग नव्हता, त्यामुळे त्यांना भांडताही येईना. ती रत्नागिरीला बहिणीकडे निघून गेली.

घर खायला उठे. कॉलेजात मात्र नवलच होतं. जयवंत फळ्याकडे वळले की वर्ग चिडीचूप होई. कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी आपला डबा घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसे. एकदा त्यांनी प्रणिता वायदंडे नावाच्या मुलीला विचारलंच, की रोज माझंच टेबल का गं?

ती जरा घुटमळली. “धर्माचा पाठ घेतल्यापासून होतंय, सर. नदीचा घाट दिसतो. पिंड ठेवलाय आणि कावळा काही शिवत नाही. वरच्या पायरीवर एक माणूस पाठमोरा उभा आहे, डावा हात मानेवर ठेवून. तुम्ही फळ्यावर लिहिताना अगदी तसेच उभे राहता.”

चाळणीनं चेहरे काढले होते. पण त्या दिवशी जयवंतांनी चेहरा दाखवलाच कुठे होता? अबोलीच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा त्याला भूक नसेल, असं पुटपुटून ते पाठ फिरवून उभे राहिले होते. शरयू पिंडाशी वाकून काहीतरी बोलली आणि कावळा शिवला. काय बोलली, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

ते त्यांनी आता या मुलीला विचारलं.

“‘तुझ्या बाबाला मी एकटं टाकणार नाही,’” प्रणिता म्हणाली. “मग कावळा येतो. सर, आम्हाला सगळ्यांनाच वाटतं, ते आपणच बोललो.”

जयवंतांनी तिथूनच शरयूला फोन लावला. सगळं सांगितलं, तोच पाठ तिच्यात परत रोपता येईल हेही सांगितलं. शरयूनं शांतपणे ऐकून घेतलं.

“खरं असेल,” ती म्हणाली. “पण दुसऱ्या कुणा बाईची गोष्ट ऐकावी तसं वाटतंय रे. आणि ते वचन परत घालून घ्यायचं, तर त्यासाठी आधी मला राहावंसं वाटायला हवं ना?”

मनाविरुद्ध कुणातही काही रोपायचं नाही, हा त्यांच्याच यंत्राचा नियम होता.

दुपारच्या तासाला जयवंत फळ्याकडे वळले आणि नुसते लिहीतच राहिले. अबोलीसाठी तेव्हा न आलेलं रडू आता थांबत नव्हतं, आणि तशा चेहऱ्यानं मुलांकडे वळायची त्यांना लाज वाटत होती. तास संपल्याची घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या वर्गातल्या मुलांचा गलबला सुरू झाला.

त्यांच्या पाठीमागे एकही बाक सरकला नाही.