चाळीस शेतांत हरवलेला गहू

गोदामवालीच्या दारावर सकाळपासून दोनदा शेण फेकून झालं होतं. तिसऱ्यांदा कोणी यायच्या आत ती मागच्या दाराने निघाली आणि थेट सुईबाईंकडे आली.

सुईबाई खाजगी तपासाची कामं घेत. अंगाने सुईसारख्या, आणि बोलायलाही तशाच. सोबत थोरले भाऊ असत, निवृत्त मास्तर. बहिणीच्या कामात लुडबुड करण्यापलीकडे त्यांना आता उद्योग नव्हता.

"सरकारने सवलतीत सुधारित गहू दिला, पेरणीयंत्र दिलं," गोदामवाली म्हणाली. "चाळीस शेतं पेरली. पंधरा दिवस झाले, कोंब नाही. म्हणतात, मी बियाणं विकून पोत्यांत कचरा भरला. दुपारी बैठक आहे. मला काढणार, आणि राहते ती खोलीही गोदामाचीच आहे."

"विकलंत?"

"नाही."

मास्तरांचा काही विश्वास बसला नाही. पोती हिच्या ताब्यात, किल्ली हिच्या कमरेला, आणखी काय हवं?

पहिलं शेत उघडंबोडकं पडलं होतं. हिरवं होतं ते फक्त चार कोपऱ्यांत, बोटबोटभर.

"कोपऱ्यात यंत्र वळत नाही," शेतमालक गुरकावला. "तिथं त्याच पोत्यातलं मूठमूठ हाताने टाकतो. कोपऱ्यात ओल जास्त, म्हणून आलं असेल. नसत्या चौकशा सोडा आणि त्या बाईला आत टाका."

सुईबाई मातीत बसल्या आणि पेरलेली ओळ बोटांनी उकरू लागल्या. यंत्राने बियाण्यासोबत सोडायच्या खताचे करडे दाणे निघाले, गव्हाचा एकही निघाला नाही. मास्तरांनी कमरेला हात लावत सात शेतांत हाच उद्योग केला आणि सातही वेळा बहिणीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पेरणीयंत्र चालवायचा तो गोदामवालीचा सख्खा दीर. शेडच्या बंद दाराला पाठ लावून तो उभा होता.

"वहिनीनंच मला हे काम मिळवून दिलं. पण म्हणून खोटं बोलू? बियाणं किडकं होतं."

"यंत्रातला बियाण्याचा खोका भरायचा कोण?"

"मीच. प्रत्येक मालकासमोर, काठोकाठ. एक शेत झालं की यंत्र इथं आणून धुवायचं, मग पुढचं शेत. माझ्या कामाला नाव ठेवायला जागा नाही."

शेतकी अधिकाऱ्याने तर त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. "यंत्र नवं कोरं आहे. बियाण्याच्या खोक्याला पाणी लावायचं नाही, कोरड्या ब्रशने पुसायचा, एवढंच पथ्य. तेही चालवणाऱ्याला शिकवलंय. या आता."

दुपारी गोदामासमोर सगळं गाव जमलं. गावप्रमुखाने गोदामवालीला उन्हात उभं केलं होतं. दीर पुढे होता आणि त्याचाच आवाज सर्वांत मोठा होता.

"बियाणं खराब असतं, तर कोपऱ्यातही उगवलं नसतं," सुईबाईंनी सुरुवात केली. "दोन्हीकडचा गहू एकाच पोत्यातला."

"तिथं ओल असते," कोणीतरी ओरडलं.

"ओल कमी पडली, तर दाणा उगवत नाही. पण मातीत सापडतो. निदान त्याची साल तरी. सात शेतांत खत आहे, गहू नाही. म्हणजे तो जमिनीत पडलाच नाही. हाताने पेरताना मागच्याला दाणा दिसतो. यंत्र दाणा टाकतं आणि लगेच वर माती ओढतं. बियाण्याच्या खोक्याखालची झडप मिटली आणि नुसतं खत सोडत यंत्र फिरवलं, तरी बांधावरून शेत पेरल्यासारखंच दिसतं."

"अगं, झडप अडकली असेल," मास्तर म्हणाले.

"मग शेत संपल्यावर खोका भरलेलाच राहिला असता, दादा. हा तर प्रत्येक शेतावर रिकामा खोका नेऊन मालकासमोर भरायचा. मधे यंत्र फक्त एकाच ठिकाणी जात होतं, याच्या शेडवर. धुवायला म्हणे. आणि या खोक्याला पाणी लावायचं नसतं, हे त्याला शिकवलेलं होतं."

दिराने पाऊल मागे घेतलं, पण मागे वाट नव्हती. लोक त्याला घेऊन शेडवर गेले आणि कुलूप फुटलं. आत छपरापर्यंत गहू होता, बियाण्याला लावतात ते औषध लावलेला, गुलाबी. लोकांनी दिराला बुकलायला घेतलं, आणि सकाळी शेण फेकणारेच त्यात पुढे होते. मास्तरांना त्यांची किळस आली, आणि थोडी स्वतःचीही.

गावप्रमुख घाम पुसत गोदामवालीजवळ आला. "झालं गेलं मनावर घेऊ नकोस. जमिनीत अजून आठेक दिवस ओल आहे. तू बियाणं वाटायला घे."

तिने रांगेतल्या पहिल्या माणसाचं पोतं भरलं, दुसऱ्याचं भरलं. तिसऱ्याने हात जोडले, तशी ती थांबली.

"हात खाली कर आणि पोतं धर," ती म्हणाली. "तुमच्या पोरांना भाकर मिळावी म्हणून हे वाटतेय. शेवटचं पोतं गेलं की मी गाव सोडणार."

रांग पुढे सरकली.