नलूताईंचं नाव

भोईवाड्याच्या कोर्टामागे, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. लॅपटॉपमधल्या साउंड चिपला तिचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारी फाइल, मिळालं नाही, तर स्पीकर मुके आणि माइक बहिरे राहतात. त्या फाइली पॅकेजमध्ये नीट बांधून लिनक्सच्या निरनिराळ्या डिस्ट्रोंना, म्हणजे त्या प्रणालीच्या आवृत्त्या काढणाऱ्या गटांना, पाठवायच्या, आणि कोणती फाइल कोणत्या चिपसाठी, कुणी तयार केली, ते सोबत लिहायचं, हे माझं काम.

तयार करायच्या नलूताई. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. डोळे मिटून स्पीकरला कान लावायच्या आणि म्हणायच्या, ‘स’ अजून टोचतोय. फाइलींचा शेवटचा संच त्यांनी केमो चालू असताना घरून पुरा केला. त्या गेल्या, आणि आमचा प्रमुख सुशांत याने फाइलींसोबतच्या माहितीतून त्यांचं नाव पुसून स्वतःचं घातलं.

"हे नलूताईंचं काम आहे, सुशांत," मी म्हटलं.

"त्या कुठे आता ऐकायला येणारेत?" असं म्हणून त्याने पॅकेज पाठवूनही दिलं.

डिस्ट्रोंनी ते घेतलं. मग एका दुपारी परदेशातल्या मंडळींशी कॉल झाला. त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं, सुशांतचं नाही. माइक बदलला, लॅपटॉप बदलला. शेवटी मी रेकॉर्डिंग करून पाहिलं. मी बोलले की पडद्यावर लाटा उठायच्या. तो बोलला की सरळ रेघ. फाइल मी नलूताईंच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिली. एका बाइटचाही फरक नव्हता.

पुढे त्याच्या मोबाइलवरूनही आवाज जाईना. मोबाइलमध्ये तर आमचं फर्मवेअर नव्हतंच. तो हसण्यावारी नेत राहिला.

एकदा हिंदमाताच्या चौकात त्याने टॅक्सीला हाक मारली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्याचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

मला काहीच ऐकू आलं नाही. टॅक्सी निघून गेली.

डॉक्टरांना घशात काही दोष सापडला नाही. ऑफिसात येऊन त्याने माझ्या कीबोर्डवर टाइप केलं, ‘त्यांचं नाव परत घाल.’

मी घातलं. नवं पॅकेज सगळीकडे पोचलं. तो माइकसमोर बसला आणि बोलत राहिला, घामाघूम होईपर्यंत.

रेघ हलली नाही.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

काल त्याची बायको कालिंदी भेटली. तो आता घरीच असतो म्हणाली. त्यांची ओवी अजून लहान आहे. तिला हे सगळं कसं समजावता, असं मी विचारलं.

"समजवावं लागत नाही," कालिंदी खाली बघत म्हणाली. "तिला ऐकू येतं. दोघं तासन्तास बोलत असतात."

"मग निदान तेवढं तरी बरं."

ती निघाली आणि वळून म्हणाली,

"हल्ली ती त्याला बाबा म्हणत नाही. नलूमावशी म्हणते."