रिकामी चौकट

२००८ साली शिरोलीच्या एका फौंड्रीत मी कारखान्याचं काम कॉम्प्युटरवर मांडत होतो. प्रत्येक माणसाची चित्रात एक चौकट. त्याच्या कामाच्या पायऱ्या वेगळ्या काढायच्या, मग त्या चौकटीला जोडायच्या. काहीच जोडलं नाही तर चौकट रिकामी राहते. आत काय चाललंय ते दिसत नाही, बाण तेवढे येतात-जातात. कारखान्याबाहेरच्या माणसांच्या चौकटी आम्ही तशाच रिकाम्या ठेवायचो.

साच्याच्या वाळूत पाणी किती, हे तिथं एकच माणूस सांगायचा. धोंडीराममामा. मूठभर काळी वाळू दाबायचे, मोडायचे, नाकाशी धरायचे. तीस वर्षांत त्यांनी ती विद्या कुणाला दिली नव्हती. मी शब्द दिला, "मामा, चौकटीवर नाव तुमचंच राहील. तुम्हाला कुणी हलवणार नाही."

"तू म्हणतोस म्हंजे झालं, पोरा," म्हणाले, आणि तीन दिवस बसून सगळं सांगितलं.

मॅनेजर वीरेश माझा कॉलेजपासूनचा मित्र. एका ताटात जेवलेलो आम्ही. मी दोन दिवस लग्नाला आजऱ्याला गेलो. माझा पासवर्ड त्याला ठाऊक होता. परत येऊन बघतो, तर मामांच्या पायऱ्या वाळू तपासायच्या नव्या मशीनच्या चौकटीला जोडलेल्या, मामांची चौकट पुसलेली, आणि मामांना घरी बसवलेलं.

"मालकांना चित्र दाखवलं. तूच काढलंस की," वीरेश म्हणाला. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण चित्रावर नाव माझंच होतं.

मामा रोजच्यासारखा डबा घेऊन गेटबाहेर उभे होते. "सगळं सांगितलं की तुमास्नी, पावणं," एवढंच बोलले. कालपर्यंत ते मला 'पोरा' म्हणायचे.

सोमवारी सकाळी चित्रात मामांची चौकट परत आलेली. रिकामी. मी ती पुसली, पासवर्ड बदलला. मंगळवारी ती पुन्हा होती, आणि तिच्यातून एक बाण निघून माझ्या चौकटीला टेकला होता. आपण हात लावला नाही, अशी वीरेशनं आईची शपथ घेतली. त्याच्या शपथेवर मी आता कशाला विश्वास ठेवतोय!

बुधवारी दुपारी माझी चौकटही रिकामी दिसली. मी उठून गेटबाहेर पडलो. टपरीवर चहा पिऊन परत आलो.

गेटवरचा केरबा रोज मला सलाम ठोकायचा. तो स्टुलावरून उठला. "नाव काय, पावणं?"

चेष्टा वाटली. हसत नाव सांगितलं. त्यानं बाहेरच्यांना देतात तो पास लिहून हातात दिला.

मी तडक वीरेशच्या केबिनमध्ये शिरलो. ओल्या वाळूचा वास येत होता.

"काय लावलंय रे हे?"

त्यानं वर पाहिलं. त्या डोळ्यांत माझी ओळखच नव्हती.

पाण्याचा ग्लास पुढं सरकवून त्यानं माझा पास घेतला. 'कुणाला भेटायचं' या रकान्यात केरबानं लिहिलं होतं: धोंडीराम.

"बसा की, पावणं," वीरेश अदबीनं म्हणाला. "मामा आत हायत. तुमचीच वाट बघत्यात."