चुलीचे तीन दगड

"अहो ताई, आधी ती चूल विझवा!"

माळावरून कुणीतरी ओरडत धावत आलं. निकितानं धुरानं चुरचुरणारे डोळे पुसून वर पाहिलं. आवाज आता जाड झाला होता, मिशी आली होती, पण चिडल्यावर कान लाल व्हायची खोड काही गेली नव्हती.

"कल्याण?"

तो जागच्या जागी थबकला. "निकिता... तू? आणि हे दगड तू उचललेस?"

उचलले होते खरे. बाबा, बनुआत्या आणि ती सकाळीच नगरहून निघून कर्जतच्या पुढं ह्या माळावर आले होते, दगडांची जुनी वर्तुळं आणि पडकं देऊळ बघायला. पण आपल्याकडे सहल म्हणजे आधी चूल, मग देखावा! आत्याला भाकरी तव्यावरचीच लागते. म्हणून निकितानं चांगले चपटे तीन दगड हुडकून आणले. ते हजारो वर्षं एका रिंगणात बसलेले आहेत, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"मी इथल्या शाळेत मास्तर आहे. एकेक दगड मोजून नकाशा केलाय," कल्याण म्हणाला. "सगळे जागच्या जागी जायला हवेत."

"मास्तर, भाकरी टाकलीय. येवढी उतरंस्तवर दम धरा की," आत्या म्हणाली. "तुमाला बी वाढते. रागावल्यालं मानूस उपाशी असतंय."

मास्तरांनी दम धरला, भाकरीही खाल्ली. मग पाणी मारून दगड गार केले आणि दोघं ते घेऊन रिंगणाकडे निघाले.

दहावीला दोघं कर्जतला एकाच वर्गात होती. मधल्या सुट्टीत तो तिच्या बाकावर मूठभर बोरं ठेवायचा आणि लगेच पसार व्हायचा. पुढं बाबांची नगरला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरताना तो आला, कपाट चढवायला हात लावला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. तो काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं होतं. नऊ वर्षं वाटत राहिलं होतं.

आता मात्र वेळ नव्हता. पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली, नाव ठेवायला जागा नाही. संध्याकाळी बाबा फोन करून उत्तर कळवणार होते, आणि नाही म्हणायला काही कारणच नाही म्हणून निकिता हो म्हणणार होती.

दोन दगड पटकन जागेवर बसले. तिसऱ्याचं काही जमेना.

"इथला असेल?" कल्याणनं विचारलं.

"छे! खड्डा केवढा मोठा आहे."

"मग तिथला?"

"तिथं... बघू या तरी."

दगड एकीकडून धरताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांचेही हात काजळीनं काळे झाले होते. कुणीच हात काढून घेतला नाही.

"नकाशा केलाय म्हणालास ना? मग बघ की त्यात."

"घरी राहिला." त्याच्या शर्टाच्या खिशातून कागदाची घडी डोकावत होती.

लांबून आत्या ओरडली, "आरं, दगुड हाय का नवरदेव त्यो? किती मिरवताय!"

निकिता खुदकन हसली. मग तिचे पाय एकदम थांबले. ज्या खड्ड्यापाशी दोघं जायचं टाळत होती, तो समोरच होता. तिथली माती अजून ओलसर होती.

"जागा मला माहीत होती," ती म्हणाली.

"मलाही."

"मग?"

"दगड बसला की तू जाशील... मागच्या वेळी कपाट चढवलं आणि गप्प राहिलो. त्याचा पस्तावा अजून होतो." त्यानं मान वर केली. "मला तू आवडतेस, निकिता. तेव्हाही आवडायचीस."

तिचे डोळे भरून आले, आणि ह्या खेपेला धुराचं निमित्तही नव्हतं. "इतकं सोपं होतं होय? मग नऊ वर्षं काय केलंस?"

दोघांनी मिळून दगड अलगद जागेवर ठेवला.

निकिता तडक बाबांकडे गेली. ते देवळाच्या पडक्या जोत्यावर टेकले होते.

"बाबा, पुण्याला आत्ताच फोन करा. नाही म्हणून सांगा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागं अवघडून उभ्या असलेल्या कल्याणकडे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"पुण्याला करतो. पण मग ह्यांच्या घरचा नंबर काय?"

"तो माझ्याकडं कधीच नव्हता, बाबा," निकिता म्हणाली.

कल्याण घाईघाईनं नंबर सांगू लागला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा नऊच आकडे सांगितले.

बाबांनी चष्मा सारखा केला. "सावकाश सांगा, मास्तर. आम्ही काही पळून जात नाही आता."