सोबतीच्या रकान्यातला भाऊ

दाढ काढायची म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, असं चष्म्याच्या दुकानातल्या बाई सगळ्यांना सांगत होत्या. स्वतःची मात्र सुईच्या नुसत्या विचाराने गाळण उडायची. म्हणूनच त्यांनी गुंगी देऊन दाढ काढायचं कबूल केलं होतं.

आदल्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला.

"आधीचे सहा तास काही खायचं नाही हं. नेलपॉलिश पुसून या, बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावतो आम्ही. अगदी गाढ झोप नाही लागणार. हाक मारली की ओ द्याल, फक्त नंतर आठवणार नाही. आणि सोबत घरचं माणूस हवंच. त्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत."

"मी टॅक्सीने जाईन की."

"टॅक्सीवाला काय घरी येऊन बसणार आहे? चोवीस तास कुणीतरी लागतं, बाई. गॅस पेटवायचा नाही, गाडी चालवायची नाही, कशावर सही करायची नाही."

बाई एकट्या राहत. आईवडिलांना जाऊन बरीच वर्षं लोटली होती, लग्न केलं नव्हतं आणि आईवडिलांना त्या एकुलत्या एक. दुकानात कुणाची मनधरणी करायची तर जिवावर येत होतं. इकडे दाढेच्या ठणक्याने तीन दिवस घास उतरला नव्हता.

"भाऊ येईल माझा," त्या बोलून गेल्या. "मोठा भाऊ."

असं खोटं त्यांच्या तोंडून कसं निघालं, त्यांचं त्यांनाच कळेना.

सकाळी दहाला दवाखान्यात फॉर्म भरताना सोबतच्या माणसाच्या रकान्यात त्यांनी 'भाऊ' असं लिहिलं. "खाली गाडी लावतोय," त्या म्हणाल्या. नर्सने मान डोलावली. शुद्धीवर आल्यावर काहीतरी थाप मारून निसटू, असा बाईंचा बेत होता.

खोलीत लवंगेच्या तेलाचा आणि ओल्या रबराचा वास होता. खुर्ची मागे कलली. बोटाला चिमटा बसला आणि कानाशी टिक... टिक... सुरू झालं. ते त्यांचंच काळीज होतं, पण आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आल्यासारखा. हाताला मुंगी चावली. वरचा दिवा पाण्यात सोडल्यासारखा हलू लागला.

"दीर्घ श्वास घ्या... छान..." नर्स उजवीकडून म्हणाली.

"मी आहे गं..." डावीकडून कुणीतरी म्हणालं.

पुरुषाचा आवाज होता. डॉक्टरही स्त्रीच होत्या. कोण म्हणून विचारावं, तर तोंडात ठोकळा बसवलेला. कपाळावर एक कोरडा, ऊबदार तळवा टेकला. त्यापुढचं काही नाही.

जाग आली तेव्हा त्या आपल्या घरी, आपल्या पलंगावर होत्या. पडद्यावर दुपारचं ऊन होतं. दातांत कापूस, ओठ बधिर, जणू परक्याचाच. चपला पलंगाखाली जोडीने मांडलेल्या. उशाशी गोळ्या ओळीने लावलेल्या आणि रुमालात गुंडाळलेला बर्फ... अजून न विरघळलेला. त्यांनी आठवून पाहिलं. दिवा आणि हा पलंग यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

फोन वाजला. नर्स होती.

"रक्त थांबलं का? भावाला द्या फोन, कापूस कधी बदलायचा ते सांगते."

"भाऊ...?"

"विसरलात ना? मी सांगितलंच होतं. किती जपून नेलं हो तुम्हाला! मी विचारलं, हे कोण? तर तुम्हीच म्हणालात, दादा. जिन्यावर मला बजावत होते, तिचा डावा घोटा दुखतो, हळू."

डाव्या घोट्याचं दुखणं बाईंनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"ताई... मला भाऊ नाहीये."

पलीकडून लहान मुलीला समजवावं तसा मऊ आवाज आला. "औषध उतरेपर्यंत असा गोंधळ होतो, बाई. घाबरू नका. ते आहेत ना तिथे? मग झालं."

फोन ठेवला आणि दार वाजलं. भिंत धरधरून त्या दारापर्यंत गेल्या, कडी काढली. खालच्या मजल्यावरच्या काकू दुधाचा पेला घेऊन उभ्या होत्या.

"म्हटलं विचारपूस करावी. भावाने आणलं ना तुम्हाला?"

"तुम्ही... पाहिलंत त्याला?"

"आज काय, नेहमीच पाहते. तुम्ही कामावर गेलात की येतात, तुम्ही परतायच्या आत जातात. दोन वर्षं तरी झाली असतील. बहीणभावाचं काही बिनसलं असेल, आपण कशाला नाक खुपसा, म्हणून कधी बोलले नाही."

बाईंनी चौकट घट्ट धरली. जीभ जड झाली होती.

"काकू... आत या ना. बसा थोडं... जाऊ नका."

"छे हो, तुम्ही पडा. तुम्ही दोघं आल्यापासून मी जिन्यातच लोकर गुंडाळत बसलेय, वारा छान लागतो तिथे. ते काही अजून खाली उतरले नाहीत." काकूंनी पेला त्यांच्या हातात दिला आणि त्या जिन्याकडे वळल्या. "त्यांना सांगा, दूध तापवू नका म्हणावं. गारच द्या तिला."